पांढऱ्या पाखराचा झगा

"अगं, श्वास रोखून धर की जरा! पाखरू आहेस तू, म्हैस नव्हेस," होसेफामावशी कॉराला म्हणाली. स्टुडिओच्या एवढ्या मोठ्या नटीला असं बोलायची छाती साऱ्या शिवणखान्यात तिचीच.

सिनेमातल्या मेजवानीच्या प्रसंगात कॉराला पांढरं पाखरू व्हायचं होतं. मनगटापासून जमिनीपर्यंत रेशमी पंख, वर काचेचे मणी. असले झगे अंगावरच शिवून बंद करायचे. एकदा शिवला की बाईला बसता येत नाही, वाकता येत नाही. टेकायला एक तिरकी फळी, बास!

मावशीच्या हातांना कंप सुटला होता, हे आम्हा सगळ्याजणींना ठाऊक होतं. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. नटीला सुई टोचली की शिवणारी त्याच दिवशी कामावरून घरी, हा आमच्या वरच्या हॅलोरनसाहेबांचा नियम. अन् मावशीचं घर म्हणजे हा शिवणखानाच हो! नवरा गेल्यावर तिला दुसरं होतं तरी कोण?

मावशी कमरेशी शेवटचे टाके घालत असताना कॉरा दचकली. पांढऱ्या रेशमावर लाल ठिपका उमटला.

"कुणाचं रक्त?" साहेब धावत आले.

"मावशीचं. बोटाला सुई लागली तिच्या," कॉराने ठोकून दिलं.

"मग बघत काय बसलीस? काढ लवकर!"

आता आली का पंचाईत! ज्याचं रक्त, त्याच्याच थुंकीने डाग निघतो, हे शिवणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक. मावशीने दोरा चघळून घासला. डाग ढिम्म हलेना.

"तुझंच आहे ना नक्की?" साहेबांनी डोळे बारीक केले.

"आण इकडे!" कॉराने दोऱ्याचा गुंडाच तोंडात कोंबला. "सकाळपासून उपाशी ठेवलंय मेल्यांनी, दोरा तरी खाऊ दे!"

साहेबांना हसू फुटलं. तेवढ्यात सेटवरून हाक आली आणि ते गेले. कॉराने तो ओला गोळा हळूच मावशीच्या हातात दिला. मावशीने तो घासला अन् डाग गेला.

"सुटलीस गं मावशे!" म्हणताना मला रडूच आलं.

मावशी हसली नाही. तिने सुई माझ्या हातात दिली. "लूस, उरलेले टाके तू घाल. पोर माझ्यासाठी खोटं बोलली. आता तिला पुन्हा टोचू होय?"

मी टाके घातले. कॉरा निघाली. सेटपर्यंत सगळा धुळीचा रस्ता. मावशी तिच्या मागोमाग, दोन्ही पंख हातांवर तोलून चालली होती. हात थरथरत होते, मणी हलत होते, पण पंखांना धूळ लागली नाही.