झाकून ठेवलेली विहीर

चामोर्शीजवळच्या धानाच्या बांधीत तेलविहीर खोदायला मिळाली ती मंजुषाच्या शब्दावर. बांधी तिच्या सख्ख्या मामाची, बापूरावांची. पोर इंजिनीअर झाली, कंपनीत लागली, ती म्हणते म्हणजे खरंच असणार, एवढाच त्यांचा विचार. तेल लागलं तर कंपनी दुसरीकडे चांगली जमीन घेऊन देणार होती. नाहीच लागलं तर सिमेंटचा ओटा आणि मुरूम टाकलेली बांधी परत. धानासाठी ती मेलीच म्हणायची.

खालचा खडक मोठा चिवट. पोटात तेल आहे, पण सोडत नाही. म्हणून दाबाने पाणी सोडून त्याला भेगा पाडल्या आणि विहिरीचं तोंड बंद केलं. बंद कशाला, तर खडकाने पाणी प्यावं म्हणून. पाणी बारीक छिद्रांत शिरतं आणि तिथलं तेल भेगांत ढकलतं. प्रयोगशाळेत पाण्यात बुडवलेल्या खडकाच्या तुकड्यावर तेलाचे थेंब घामासारखे फुटलेले मंजुषाने स्वतः पाहिले होते.

ठरलेली मुदत संपली, कंपनीचे साहेब म्हणाले, उघडा. मंजुषा अडून बसली. दाब अजून उतरतोय, म्हणजे खडक अजून पितोय, कशाला घाई? हे सांगायचं कारण. मनातलं वेगळंच होतं. लहानपणी मामाकडे धानाचं बी भिजवून पोत्यात दाबून ठेवलेलं असायचं. कोंब बघायला हिने एकदा पोतं उसवलं, तर मामीने असं झापलं होतं की झाकलेलं उघडायला हिचा हात अजून धजत नसे. मामाही म्हणाले, राहू दे झाकून. झालं! हो ला हो मिळालं आणि साहेबांनी मुदत वाढवली.

पण खडक म्हणजे धान नव्हे. त्यात चिकणमाती होती, आणि ती पाणी पिऊन फुगते हे मंजुषाला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. प्रमाण थोडं आहे म्हणून तिने मनावर घेतलं नाही, कारण तिला घ्यायचंच नव्हतं.

शेवटी दाब उतरायचा थांबला, तेव्हा झडप उघडली. गढूळ पाणी आलं, त्यावर तेलाचा पातळ तवंग, मग नुसतंच पाणी. संध्याकाळपर्यंत तेही आटलं. माती फुगून आतल्या वाटा बुजल्या होत्या. साहेब गाडीत जाऊन बसले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बापूराव बांधीच्या धुऱ्यावर उभे होते. जवळ आले, साचलेल्या पाण्यात बोट बुडवून वास घेतला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. तेच तिला जास्त लागलं.

"मंजू, लवकर उघडली का आपन? अजून झाकून पाहू."

नुसतं हो म्हटलं असतं, तर मामा आज तरी घरी जाऊन निवांत जेवले असते.

"नाई मामा. मीच जास्त दिवस झाकून ठेवली. माह्यामुळे गेली तुमची बांधी."

बापूरावांनी बोट धोतराला पुसलं.

"घरी तू काई बोलू नको," ते म्हणाले. "तुह्या मामीले मी सांगतो, साहेबानं लवकर उघडली म्हनून."