मागची सीट

बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधून रॅक तयार होऊन आला, तेव्हा शिवलीलानं तो उघडूनही बघितला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तसाच पलंगाखाली सरकवून दिला. मोटरसायकलची मागची सीट काढायची आणि त्या जागी हा लोखंडी सांगाडा बोल्टांनी आवळायचा. मग त्यावर पाण्याच्या पिशव्या, पेट्रोलचा कॅन, तंबू, सगळं बसणार होतं. वाळवंटात एकट्यानं जायचं तर त्याला पर्याय नव्हता. अडचण एवढीच होती, की त्याच मागच्या सीटवर बसून वाळवंटात जायचं म्हणून तिचे वडील, आप्पाजी, रोज सकाळी बॅग भरून दाराशी बसत होते.

शिवलीला चाळिशीला टेकलेली. मूळची निपाणीची, पण शिक्षण संपल्यापासून बेंगळुरात. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायची नोकरी, जे. पी. नगरात तळमजल्यावर भाड्याचं घर. आई गेल्यावर आप्पांना तिनं आपल्याकडे आणलं. आप्पा सरकारी बसवर ड्रायव्हर होते, निपाणी डेपोत उभा जन्म काढलेला माणूस. आंबोलीचा घाट त्यांनी धुक्यातसुद्धा कधी घाबरत उतरला नाही. आणि आता तेच आप्पा कोपऱ्यावर दूध आणायला गेले की परत यायची वाट विसरत. एकदा ऑटोवाल्यानं आणून सोडलं, एकदा देवळातल्या पुजाऱ्यानं. शिवलीला कामावर गेली की यल्लव्वा नावाची बाई त्यांच्यापाशी बसे. बाकीचा सगळा वेळ शिवलीला. तिचं लग्न त्यामुळे राहिलं असं लोक म्हणत. ते काही खरं नव्हतं, पण तिनं कधी खोडून काढलं नाही.

वाळवंटाचं खूळ कसं शिरलं, तर कंपनीच्या कामानं एकदा तिला जोधपूरला जावं लागलं होतं. काम लवकर आटपलं म्हणून तिथल्या लोकांनी जीपमधून लांब वाळूत नेलं. बाकीचे फोटो काढत होते, ही टेकाडाच्या पलीकडे एकटीच उतरली. तिथं काहीच नव्हतं. हाक नाही, हॉर्न नाही, पाखराचा पंखसुद्धा फडफडत नव्हता. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतोय, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं. बेंगळुरात परतल्यावर घराचं दार उघडलं, तर आतून हाक आली, "शिवीऽ". तिला आत जावंसंच वाटेना. स्वतःचीच लाज वाटली तिला. पण तेव्हापासून ती वाळू काही डोक्यातून गेली नाही.

मग मोटरसायकल घेतली. उंच, दणकट, खडबडीत रस्त्याची. जैसलमेरच्याही पुढं, जिथं डांबर संपतं तिथून सीमेच्या कडेकडेनं कच्छच्या रणापर्यंत जायचं, एकटीनं, असं ठरलं. भाऊ संग्राम निपाणीत दुकान चालवायचा. महिनाभर आप्पांना ठेवून घ्यायला तो आणि त्याची बायको राजलक्ष्मी आनंदानं तयार झाले. थंडी पडली की निघायचं.

तयारीत सगळ्यात अवघड होतं ते गाडी उचलणं. वाळूत गाडी आडवी होणारच. जवळपास मैलोन् मैल माणूस नसणार, तेव्हा दोनशे किलोचं धूड एकटीला उभं करता आलं पाहिजे. वरच्या मजल्यावर सिद्धी नावाची पुण्याची मुलगी राहायची. ती आयटीत होती आणि स्वतः लडाखला जाऊन आली होती. एका रविवारी दोघींनी पार्किंगमध्ये जुनी गादी अंथरली आणि गाडी तिच्यावर हळूच आडवी केली.

"ताई, हातानं ओढायचं नाही," सिद्धी म्हणाली. "पाठ सीटला लावा. एका हातात हँडल, दुसऱ्यानं मागचा बार धरा. आणि पायांनी मागे चालत या, बेबी स्टेप्स. बॅक वापरलीत तर संपलं."

शिवलीलानं पाठ लावली, जोर केला. गाडी गुडघ्याएवढी उठली आणि धप्पकन परत गादीवर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. घामानं तिचे डोळे चुरचुरायला लागले. तिसऱ्यांदा तिनं दम धरला तेव्हा गाडी अचानक हलकी झाली आणि सरळ उभी राहिली. तिनं वळून बघितलं. पलीकडून आप्पांनी हँडल धरलं होतं. लुंगी वर खोचलेली, हाताच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेली जाग.

"आप्पा, मला एकटीला उचलायची हाय ही."

"एकटीनं कशापायी?" आप्पा म्हणाले. "मी हाय की."

"तितं वाळवंटात तुम्ही नसणार."

"ते कसं? गाडीवर ड्रायव्हर कवा एकटा जातो व्हय? कंडक्टर लागतोच की. तू चालव. मी तुझा कंडक्टर." असं म्हणून त्यांनी मागच्या सीटवर थाप मारली आणि डेपोभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "रैऽट!"

सिद्धी खळखळून हसली. शिवलीलाही हसली. तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांची बॅग दाराशी होती. आत दोन शर्ट, दाढीचं सामान, उशीचा अभ्रा आणि आईचा फोटो. तिनं सगळं काढून कपाटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बॅग. आणि मग एक वेगळीच गोष्ट घडायला लागली. आप्पा स्वतःहून उठून आंघोळ करायला लागले. जेवण पुढं ठेवलं की "प्रवासाला ताकद पायजे" म्हणत ताट चाटूनपुसून खायला लागले. यल्लव्वाला त्यांनी वाळवंट कुठं असतं ते सांगितलं, बरोबर सांगितलं. पाण्याच्या रिकाम्या पिशव्या भरून, उलट्या धरून, कुठली गळते हे ते तासन्‌तास बघत बसत आणि संध्याकाळी शिवलीला आली की तिला अहवाल देत. दोन वर्षांत डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं नव्हतं ते या एका खोट्यानं होत होतं.

"ताई, तुम्ही त्यांना क्लिअर सांगत का नाही?" सिद्धीनं एकदा जिन्यात गाठून विचारलं. "नंतर जास्त त्रास होईल ना त्यांना."

शिवलीलानं सांगितलं. त्याच संध्याकाळी, समोर बसून, त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन. "आप्पा, मी एकटी जाणार. तुम्ही संग्रामकडं ऱ्हायचं. मी महिन्यानं येते."

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा हळूहळू उतरत गेला. "मी म्हातारा झालो म्हणून?"

"तसं न्हाई आप्पा."

"सरी," ते कानडीत 'बरं' म्हणाले. "सरी, सरी. तू जा." रात्री ते जेवले नाहीत. तिनं दोनदा विचारलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सकाळी उठून बघते तर बॅग दाराशी, आप्पा बुटांच्या नाड्या बांधून खुर्चीत ताठ बसलेले. कालचं काही त्यांच्याजवळ उरलं नव्हतं. "किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

तो उतरलेला चेहरा पुन्हा बघायची तिची छाती झाली नाही. "अजून वेळ हाय, आप्पा," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिनं खरं बोलायचं सोडून दिलं. रॅक पलंगाखालीच राहिला. सीट निघालेली आप्पांनी पाहिली असती, तर ते विचारणार होते, मी कुठं बसू? जाऊच नये, असंही तिला कितीदा वाटलं. मग कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ती नकाशा उघडून बसे आणि त्यातल्या रिकाम्या पिवळ्या भागावरून तिची नजर हटत नसे.

संग्राम गाडी घेऊन न्यायला आला तेव्हा व्हायचं तेच झालं. आप्पा गाडीत बसेनात. दाराची चौकट धरून उभे राहिले.

"मी शिवीबरोबर जाणार."

"आप्पा, घरला जाऊया. राजीनं तुमच्यासाठी थालीपीठ लावलंय," संग्राम म्हणाला.

"तू जा. माझी ड्युटी हाय."

संग्रामनं बहिणीकडं बघितलं. "अक्का, तूच बघ बाई आता."

शिवलीला पुढं झाली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. "आप्पा, कंडक्टरनं आदी डेपोत हजर व्हायचं असतंय की न्हाई? तुम्ही निपाणीला पुढं व्हा. मी मागनं गाडी घिऊन येते."

आप्पांनी चौकटीवरचा हात सोडला. हे त्यांना पटलं. यात काही चूकच नव्हती, नियमच होता तो. ते पुढच्या सीटवर जाऊन बसले, बॅग मांडीवर घेतली. काच खाली करून म्हणाले, "घाई करू नको. रात्रीची चालवू नको. मी थांबतो." गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती हात हलवत उभी राहिली. यल्लव्वानं पदर तोंडाला लावला होता.

त्या दिवशी शिवलीलानं रजा टाकली होती. दुपारी तिनं पार्किंगमध्ये पाना घेऊन मागची सीट काढली. बोल्ट गंजलेले नव्हते, सहज निघाले. रॅक बसला, अगदी मापात. मग तिनं गादी अंथरली, गाडी आडवी केली, पाठ लावली आणि पाय रोवून मागं मागं चालत आली. गाडी उभी राहिली. पहिल्यांदाच, एकटीनं. सिद्धी वरून गॅलरीतून टाळ्या वाजवायला लागली. शिवलीलानं मान वर करून बघितलंच नाही. गाडीला टेकून ती तशीच उभी राहिली, आणि सिद्धीच्या टाळ्या आपोआप थांबल्या.

संग्रामचे फोन रोज येत. पहिले काही दिवस वाईट होते. आप्पा फाटकाशी खुर्ची टाकून बसत, मोटरसायकलचा आवाज आला की उठत. एकदा चालत बसस्टँडवर गेले, तिथल्या ओळखीच्यांनी चहा पाजून परत आणलं. शिवलीला म्हणाली, "मी येते, घेऊन जाते त्यांना." संग्राम म्हणाला, "थांब जरा." मग हळूहळू ते दुकानात येऊन बसायला लागले. राजलक्ष्मीच्या हातचं जेवायला लागले. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "अक्का, एक बोलू? राग मानू नको. उद्या-परवा तू हायवेनं इथनंच जाणार. पण घरला येऊ नको. आता कुठं जरा बसलेत. तुला बघितलं की पुन्हा उठतील. परत येताना ये."

"बरं," ती म्हणाली. "फोन तरी दे त्यांच्याकडं."

"हॅलो," आप्पांचा आवाज आला. "कोण?"

"मी बोलतेय, आप्पा."

"कुठनं?"

"बेंगळुरातनं."

"असं व्हय." आवाज परक्याशी बोलावा तसा अदबीचा होता. "तितं आमची लेक असती की. शिवी. लई धीराची पोर. एकटीच ऱ्हाती बघा, कुणाची गरज लागत न्हाई तिला."

शिवलीलानं फोन दोन्ही हातांनी धरला. "तुम्हाला आठवण येती व्हय तिची?"

"येती की. पर तिला कामं असत्यात." मग ते म्हणाले, "तुमची गाठ पडली तर सांगा, आप्पा बरा हाय. काळजी करू नको म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली.

सकाळी सिद्धीनं खाली येऊन तिच्या कपाळाला कुंकू लावलं, यल्लव्वानं गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. पहिला मुक्काम धारवाडला. दुसऱ्या दिवशी बेळगाव मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस सुरू झाला. निपाणीचा फाटा आला, तेव्हा तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन उभी केली. इथून घर जवळ होतं. दुकान उघडलं असेल, आप्पा आत स्टुलावर बसले असतील. ती काही क्षण इंजिन चालू ठेवून बसली. मागच्या उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. तिनं गिअर टाकला आणि सरळ गेली.

गाव मागं पडल्यावर मात्र हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली आणि पुढचं दिसेना. एका फडाच्या बांधाशी तिनं गाडी लावली. ऊसतोडीच्या बायका मोळ्या बांधत होत्या. त्यांतली एक वयस्क बाई कोयता हातात घेऊन जवळ आली. गाडीकडं, सामानाकडं आणि मग हिच्याकडं बघत राहिली.

"कुठं निघालीस गं बाय, एवढं लादून?"

"लांब. राजस्थानला."

"एकटीच?"

"व्हय."

"घरी कोण न्हाई का?"

"हायत की," शिवलीला म्हणाली. "सगळी हायत."

बाईनं मोळीतून एक कांडं ओढलं, कोयत्यानं सोलून तिच्या हातात दिलं आणि पुन्हा फडात शिरली. शिवलीला बांधावर बसली. ऊस गोड होता. दातांनी फाडत, चावत, चोथा थुंकत तिनं तो सगळा संपवला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं, ते तिनं पुसलंही नाही.