तीन पेल्यांचा कौल

माझ्या पोटावरच्या दोन फळ्यांच्या सांध्यात रोज सकाळी एक थेंब जमतो. मोहरीच्या दाण्याएवढा होईपर्यंत तो वाढतो आणि थांबतो. खाली ओघळत नाही. दुपारपर्यंत त्यातले पाणी उडून जाते आणि मागे एक तांबूस, चिकट ठिपका राहतो. बोट लावून चाखले तर करपलेल्या साखरेची चव लागेल. ठिपका दिसायला निरुपद्रवी आहे. पण जिथून थेंब बाहेर येऊ शकतो तिथून हवाही आत जाऊ शकते. माझी काळजी तिथूनच सुरू होते.

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचे एक जुने पिंप आहे. इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीच्या काठी, वॉर्डल कुटुंबाच्या लहानशा ब्रुअरीच्या तळघरात मी आडवे पडलेले असते. सध्या माझ्या पोटात बार्ली वाइन आहे. नावात वाइन असली तरी तिच्यात द्राक्षाचा अंशही नाही. ती जवाचीच बिअर, पण नेहमीच्या बिअरच्या दुप्पट कडक. नवी असताना ती घसा जाळते. लाकडात मुरली की मवाळ होते. किती मुरू द्यायची हे मात्र आधी कोणालाच सांगता येत नाही. ते चाखूनच ठरवावे लागते.

मला सायलस वॉर्डलने बांधले. त्याने फळ्या गोलात उभ्या रचल्या, मधोमध लाकडाच्या सालपटांची आग पेटवली आणि बाहेरून ओले फडके फिरवत राहिला. आतली धग आणि बाहेरचा ओलावा यांनी फळ्या हळूहळू वाकल्या. खिळा नाही, सरस नाही. झाकणाच्या फळ्यांमध्ये त्याने नदीकाठचा सुकवलेला लव्हाळा दाबून बसवला. मग आत उकळते पाणी ओतून बूच ठोकले, मला जमिनीवरून गडगडत फिरवले आणि कान लावून ऐकले. कुठूनही फुसकारा आला नाही.

"हे माझ्यामागेही गळायचं नाही," तो म्हणाला.

त्यानंतरची वर्षे कामाची होती. भरून जावे, रिकामे होऊन यावे, पुन्हा भरावे. सायलसच्या पिंपातली बिअर वेगळी लागते, असे गावोगावचे लोक म्हणत, आणि ते ऐकून मला बरे वाटे. मग स्टीलची पिंपे आली. ती हलकी होती, धुवायला सोपी होती आणि बिअरला स्वतःची कसलीच चव देत नव्हती. सायलस वारला. मला रिकामेच अंगणात ठेवले गेले. उन्हाने माझ्या फळ्या आकसल्या, त्यांना आवळून धरणारी लोखंडी कडी सैल होऊन घसरली, आत कोळ्यांनी घर केले. सायलसची बाकीची पिंपे एकेक करून करवतीखाली गेली. त्यांतल्या एकाचे दोन अर्धे शेजारच्या पबच्या दाराशी मांडले आहेत. त्यांत माती भरून लाल जिरेनियम लावले आहे. तळघराचे दार उघडले की ते मला समोर दिसतात. येणारे-जाणारे फुलांचे कौतुक करतात. मला तिकडे पाहवत नाही, आणि पाहिल्यावाचून राहवतही नाही.

मला वाचवले ते हेटीने. ही सायलसच्या धाकट्या भावाची, अमॉसची मुलगी. शिकून घरी परतल्यावर तिने मला अंगणातून आत आणले, फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत माझ्यात पाणी भरत राहिली, कडी पुन्हा ठोकून बसवली. आणि स्वतःच्या हाताने केलेली पहिली कडक बिअर तिने माझ्यात भरली. त्या दिवशी अमॉसने पबमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केले, "ही बिअर बाटल्यांत उतरली की ब्रुअरी हेटीची. मी आपला नदीवर गळ टाकून बसणार."

वॉर्डलांच्या घरी एक नियम आहे. कडक बिअर तिघांनी चाखायची. वयाने लहान त्याने आधी बोलायचे आणि मोठ्याने शेवटी, म्हणजे कोणी कोणाची री ओढत नाही. ती तयार आहे यावर तिघांचे एकमत झाले तर बिअर बाटल्यांत जाते. नाही झाले तर पुढच्या ऋतूपर्यंत पिंपातच राहते. आणि नासली असे ठरले, तर ती मोरीत जाते व पिंप करवतीखाली, कारण नासलेले लाकूड पुढची बिअरही नासवते. हे तिघे म्हणजे हेटी, शेजारच्या पबची मालकीण लेटिस ऑर्म आणि अमॉस.

पहिल्या चाखणीला बिअर जळजळीत होती. तिघेही थांबायला तयार झाले. त्यानंतर हिवाळ्यात हेटी आणि लेटिस दोघींना ती आवडली. अमॉसने पेला बराच वेळ फिरवला आणि म्हणाला, "अजून थोडं थांबू."

वसंतातली चाखणी तर झालीच नाही. चाखायच्या दिवशी सकाळपासून तिखट, आंबट, कांदा-लसूण वर्ज्य असते. अमॉस पायऱ्या उतरून आला आणि लेटिसने नाक मुरडले.

"अमॉस, व्हिनेगरमधला कांदा खाल्लास?"

"चुकून तोंडात गेला."

"चुकून! बरणीचं झाकण उघडून, काट्याने टोचून, चुकून?"

"आता बिघडली खरी जीभ," अमॉस म्हणाला. "पुढच्या वेळी बघू."

 हेटीने तोटीखालचा पेला उलटा करून ठेवला. मी मात्र घाबरले. मला वाटले, माझ्यातच काही दोष आहे आणि तो अमॉसला आधीच कळला आहे. सायलसच्या हातचे शेवटचे पिंप म्हणून तो नुसता गप्प बसला आहे. माझ्या लाकडात खोलवर एक रानटी यीस्ट राहते. गरम पाणी तिथवर पोहोचत नाही. त्या यीस्टने बिअरला चामड्याचा वास येतो. थोडा असला तर शोभतो, जास्त झाला तर तबेला वाटतो. आणि त्यातच तो सांधा पाझरू लागला.

आज सकाळी तिघे पुन्हा आले. हेटीने पोट फुगीर, तोंड अरुंद असे तीन पेले तळापुरते भरले. थंड बिअरला फारसा वास येत नाही, म्हणून तिघांनी ते तळहातात धरून जरा ऊब दिली. उजेडासमोर रंग जुन्या सागवानासारखा दिसला. फेस पातळ होता आणि लगेच कडेला गेला. पेला कलंडून सरळ केला की काचेवरून दाट धारा सावकाश उतरत होत्या. मग तिघांनी हुंगून एकेक घोट घेतला.

"मनुका," हेटी म्हणाली. "खजूर. संत्र्याच्या मुरांब्यातली साल. त्याच्यामागे नवं चामडं, पण बेताचं. ऊब छातीत उतरते, जाळत नाही. आणि अगदी शेवटी..." ती थांबली. तिने पुन्हा हुंगले. "शेवटी नाकात टोचतंय. जरासंच. व्हिनेगर."

माझी कडी कोणीतरी आवळल्यासारखे मला वाटले.

"मला नाही आला तो वास बाई," लेटिस म्हणाली. "पण माझं नाक गिऱ्हाइकांच्या ओल्या मोज्यांना सरावलंय. मला विचाराल तर ही राणीला द्यायच्या लायकीची आहे. भरा बाटल्या."

"मावशी, व्हिनेगर आहे. या सांध्यातून हवा शिरतेय. आज ही बिअर उत्तम आहे, बाबा. शरदात सफरचंदं उतरेपर्यंत थांबलो तर तुझे कांदे बुडवायला उपयोगी पडेल."

अमॉसने पेला फिरवला. हुंगला. घोट तोंडात घोळवला, गिळला आणि रिकाम्या पेल्यात पुन्हा नाक घातले.

"अजून..." त्याने सुरुवात केली.

"म्हणूच नकोस!" लेटिस कडाडली. "बिअर पिकली, अमॉस. तूच मेला हिरवा राहिलास."

"तुझं काय जातंय बोलायला?"

"बाबा," हेटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नासली असं वाटत असेल तर नासली म्हण. मी आत्ता मोरीत ओतते आणि करवत आणते. मला वाईट वाटेल, पण चालेल. थांबू मात्र म्हणू नकोस. थांबून ती मरणारच आहे, आणि मग ती कोणी मारली हे कुणालाच सांगता येणार नाही."

अमॉस रिकाम्या पेल्याच्या तळाशी बघत राहिला. तेवढ्या अवकाशात, मित्रांनो, मला तुम्हाला एक सांगायचे आहे. लाकडी भांडे वापरून झिजते, पण मरते ते कोरडे पडून. तुमच्या घरी कोणाच्या हातचे एखादे भांडे, एखादे अवजार असेल, तर ते आठवण म्हणून फळीवर चढवू नका. वापरा, पुसा, वंगण द्या, पाणी दाखवा. आणि त्यात काही चांगले साठवले असेल, तर ते चांगले आहे तोवर बाहेर काढा. जपणे आणि अडकवून ठेवणे यांतला फरक आम्हा वस्तूंना कळतो. माणसांना कळायला वेळ लागतो.

"चांगली आहे," अमॉस म्हणाला.

"आज?" हेटीने विचारले.

"आज आहे. हिवाळ्यातही होती."

लेटिसने आपला पेला खाली ठेवला.

"मग तो कांदा?" हेटी म्हणाली.

"कांदा मला तसाही आवडतो." तो जरा हसला, पण ते हसू टिकले नाही. "पोरी, मासे मला येत नाहीत गं धरता. ही बाटल्यांत गेली की सकाळी उठून मी जायचं कुठे, एवढंच मनात यायचं. म्हणून म्हटलं, थोडं थांबू. बिअरला ठाऊकच नाही थांबणं म्हणजे काय."

त्याने पेला माझ्या पाठीवर ठेवला. त्याचा हात माझ्यावरून फिरला आणि पाझरत्या सांध्याशी अडला. करवत भिंतीला टांगलेली आहे, ती मला दिसत होती. हेटी वाट पाहत उभी होती. नियमाप्रमाणे शेवटचा शब्द अजून राहिला होता, आणि तो त्याने मान वर करून, तिच्याकडे बघत, स्पष्ट आवाजात उच्चारला.

"बाटल्यांत भर, हेटी. ब्रुअरी आजपासून तुझी. आणि हे पिंप ठेवायचं की कापायचं, तेही आता तूच ठरव."