फ्लॉपीवरचे दृष्टांत

या, असे जवळ सरका, हवं तर भिंतीला टेकून बसा. एक लहानशी गोष्ट सांगतो, ऐकून जिवाला बरं वाटेल अशी — फ्लॉपीचं पांढरं कागदी पाकीट, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळा डाग. शाईचा वाटावा, पण जवळ नेला की अजूनही वास येतो, मंद, बुक्क्याचा... ताजुद्दीनने तो नाकाशी धरला, आणि समोरच्या टेबलावरून जया बघते आहे हे ध्यानात आल्यावर उगीच पाकिटावर फुंकर मारली, धूळ उडवल्यासारखी.

"काका, वासावरून कळतं का, आत किती बोल्ट आहेत ते?"

"कळतं की. अठरा वर्षं स्टोअरमध्ये गेली माझी."

जया हसली आणि पुन्हा टायपिंगला लागली. कारखान्यात येऊन तिला जेमतेम सहा महिने झालेले. हा डाग ज्याच्या अंगठ्याचा, तो माणूस तिने पाहिला होता, पण मांडवात, कपाळाला बुक्का लावून, टाळ घेऊन बुवांच्या मागे उभा असलेला पाहिला नव्हता. म्हणजे पाहिलाच नव्हता, असं ताजुद्दीनला वाटलं.

कोंडीराम. उरवड्याचाच, कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर घर. स्टोअरमध्ये ताजुद्दीन लिहायचा आणि कोंडीराम मोजायचा, अशी अठरा वर्षं. गेल्या माघात सकाळी गोठ्यात धार काढता काढता गेला — आणि लोक अजून सांगतात, चरवी कशी हाताच्या अंतरावर नीट ठेवलेली होती, दुधाचा थेंब सांडला नव्हता... तर तो कोंडीराम, आणि त्याचा हा अंगठा, काल्याच्या कीर्तनावरून तसाच कामावर आलेला. "अरे हात धू की," ताजुद्दीन ओरडला होता, "सूचनापत्रात काय लिहिलंय? बोटं स्वच्छ ठेवा!" "बुक्का काय मळ हाय व्हय?" कोंडीराम म्हणाला, आणि फ्लॉपी आत सारून त्याने खिटी फिरवलीसुद्धा.

सूचनापत्र... कॉम्प्युटर ज्यांनी विकला ती पुण्याची माणसं दर महिन्याला दोन पानं सायक्लोस्टाइल करून पाठवायची, कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी नव्या-जुन्या सूचना, सगळं इंग्रजीत. ताजुद्दीन मॅट्रिकच्या इंग्रजीवर ती लावायचा आणि डबा खाताना कोंडीरामला मराठीत सांगायचा, आणि कोंडीराम तोंडातला घास गिळायच्या आत प्रत्येक सूचनेचं निरूपण करायचा. लाल दिवा पेटलेला असताना फ्लॉपी ओढू नये. — "बरुबर. जेवत्या माणसाच्या म्होरलं ताट वढू नये." काम थोड्या थोड्या वेळाने साठवून ठेवावे, वीज केव्हाही जाऊ शकते. — "वीज कशाला, ताजू, आपुनबी." आणि मग तो खो खो हसायचा, भाताची शितं मिशीत. मी कशाला हसलो होतो तेव्हा, असं आता ताजुद्दीनच्या मनात आलं.

साठवून ठेवण्याची ती गोष्ट मात्र कोंडीरामच्या मनाने घेतली. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीत जाऊन बसू लागला, दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागला. बोल्टांच्या नावांमुळे अक्षरं ओळखीची होती. अभंग लिहितोस का, असं ताजुद्दीनने विचारलं, तर म्हणाला, "अभंग गाथेत हायेत, कुटं पळत न्हाईत. पर बुवा मधी जे बोलत्यात, दृष्टांत, ते कुटं लिवल्यात? मांडव सोडला की गेलं." म्हणून दृष्टांत. वीस-पंचवीस वर्षांत ऐकलेले, जसे आठवतील तसे. चौसष्ट झाले होते माघापर्यंत. मालाच्या फ्लॉपीवरच, बोल्ट-नटांच्या यादीखाली एक फाईल. साहेबांना ठाऊक नाही, कुणालाच नाही, एक ताजुद्दीन सोडून.

आणि त्या दृष्टांतांची दुसरी प्रत होती! हेच तर... आठवलं की कानशिलं अजून तापतात. प्रत दुसऱ्या खोलीत ठेवावी, असं सूचनापत्रात आलं, म्हणून ताजुद्दीनने ती आपल्या हाताने स्टोअरमध्ये नेऊन चौथ्या फळीवर ठेवली, जिथून कुणी हलवणार नाही अशा जागी, लोखंडाचा कीस उचलायच्या मोठ्या लोहचुंबकाला टेकवून. लोहचुंबकापासून फ्लॉपी दूर ठेवावी, हे पुढच्या महिन्याच्या पत्रात आलं. तोवर यंत्र त्या फ्लॉपीला ओळख देईनासं झालं होतं. साहेबांनी ती कात्रीने कापून आत काय असतं ते पाहिलं. तपकिरी पातळ चकती. दुसरं काही नाही. कोंडीराम चिडला नव्हता. "एक हाय न्हवं अजून," एवढंच म्हणाला होता.

ती एक आता ताजुद्दीनच्या हातात होती, आणि आज मार्चची एकतीस तारीख होती, अठ्ठ्याऐंशी सालची.

सकाळच्या टपालाने मालाच्या यादीच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती, सोबत सूचनापत्र. वर्षअखेरची यादी नव्या आवृत्तीतच हवी, आजच हवी, चारच्या टेंपोने फ्लॉपी पुण्याच्या ऑफिसात गेलीच पाहिजे. साहेब तीनदा सांगून गेले होते. ताजुद्दीनने सगळं पत्रात लिहिल्याप्रमाणे केलं. आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं की जागा पुरत नाही. मग त्याने पत्राचं पहिलं पान परत वाचलं — जागा कमी पडल्यास नको असलेल्या फाईली पुसून टाकाव्यात.

नको असलेल्या.

नव्या फ्लॉपींचा डबा पुढच्या आठवड्यात येणार. छापून घ्यावं, तर छपाईचं यंत्र पंधरा दिवस झाले दुरुस्तीला गेलेलं. राहिली वही. अकरा वाजता त्याने दोनशे पानी वही काढली, फाईल पडद्यावर आणली आणि उतरवायला बसला — कोंडीरामची इंग्रजी अक्षरं वाचायची, ओठात म्हणायची, की ती त्याच्याच आवाजात कानाशी यायची, मग बाळबोधीत लिहायची. भातलावणीची बाई मागं मागं सरकती, पर शेत म्होरं भरत जातं. म्हातारपण असं असावं. — हे भरे गावच्या सप्ताहात ऐकलेलं, ताजुद्दीनला आठवलं, आम्ही दोघं मांडवाच्या कडेला, चपलांच्या शेजारी, कारण कोंडीराम त्या दिवशी तापाने टाळ धरू शकत नव्हता आणि मला एकट्याला पुढे बसायचा संकोच... जावाई वाढणाऱ्याला नगं नगं म्हनतो, पर ताटावर हात आडवा धरत न्हाई. देवाला आपुन संसार नगं म्हनतो तो आसाच. — इथे ताजुद्दीन खुदकन हसला.

"काका, यादी करताय की विनोद वाचताय?" जयाने मान वर न करता विचारलं.

"यादीच."

"जेवला नाहीत. डबा तसाच आहे."

"आज भूक नाही गं."

खरंतर होती. पण हात थांबू नये असं वाटत होतं, आणि गंमत म्हणजे एवढ्या घाईतही जिवाला कसलं तरी सुख होत होतं. माघापासून इतका वेळ कोंडीराम एकसलग त्याच्याशी बोलला नव्हता. साडेतीनला सत्तावीस झाले. सदतीस बाकी. वाल्मीकने टेंपो फाटकाशी आणून हॉर्न दिला आणि खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, चपला न काढता, म्हणून आत न येता.

"ताजूभाऊ, हाय का तयार? घाटात गर्दी व्हईल मग. तिकडं सायेब माझंच डोकं खात्यात, तुमचं न्हाई."

"पंधरा मिनिटं दे, वाल्मीक."

"पंधरा? तुमचं ते मशीन म्हनं चुटकीसरशी करतंय सगळं. त्यापरास कोंडीबा बरा, बोटावर मोजून मोकळा व्हायचा."

तो हसत टेंपोकडे गेला. आता पुसायची. आणि ताजुद्दीनचा हात तिथेच अडला. लहानपणी अम्मा — बीबीजान — रस्त्यात पडलेल्या कागदावर अल्लाचं नाव दिसलं तर उचलून डोळ्यांना लावायची, फडक्यात बांधून ठेवायची, आणि वर्षातून एकदा ती बोचकी मुळा नदीच्या वाहत्या पाण्यात सोडायची; कोंडीरामच्या घरच्या जीर्ण पोथ्याही तशाच, त्याच पाण्यात. नाव पायदळी येऊ नये, केरात जाऊ नये. मग हे? यात विठ्ठल किती वेळा आला असेल... या पुसलेल्या अक्षरांना पाणी कुठलं? पत्रात याची सूचना नव्हती. साहेबांना काय विचारणार, जयाला काय विचारणार? कोंडीरामला विचारलं असतं तर तो म्हणाला असता — काय म्हणाला असता बरं? ताजुद्दीन थांबला, खरोखरच उत्तराची वाट बघत. हॉर्न वाजला. त्याने बिस्मिल्ला म्हटलं, मग कोंडीरामच्या वाटचं रामकृष्णहरीही म्हटलं, आणि पुसण्याची आज्ञा टाइप केली. यंत्राने काही विचारलंसुद्धा नाही. लाल दिवा क्षणभर लागला, विझला. मग नवी यादी, आता जागा पुरेशी. चार वाजायला पाच मिनिटं असताना पाकीट वाल्मीकच्या हातात होतं आणि टेंपो पिरंगुटच्या वाटेला लागला होता.

नंतर, सगळं झाल्यावर, हात मोकळे असल्यामुळे त्याने सूचनापत्राचं दुसरं पान उलटलं.

या महिन्याची खास सूचना, असं वर लिहिलं होतं. फाईल चुकून पुसली गेल्यास घाबरू नये. यंत्र फक्त नावाचं पहिलं अक्षर खोडतं, मजकूर जागच्या जागी असतो, आणि तो परत आणता येतो. मात्र त्या फ्लॉपीवर त्यानंतर काहीही नवं लिहू नये.

त्याने ते तीन वेळा वाचलं. डबा खायच्या सुट्टीत पान उलटलं असतं तर... पण मग यादी कशावर लिहिली असती? पुन्हा चूक माझीच — की नाही? तेवढ्यात दुसरा विचार वर आला, की नवी यादी सगळी जागा थोडीच खाते. म्हणजे या घटकेला कोंडीरामचे थोडे दृष्टांत, कुठले ते देव जाणे, बोल्टांच्या खाली तसेच पडलेले असतील, आणि वाल्मीक त्यांना घेऊन चालला असेल, शिट्टी वाजवत. पुण्याच्या ऑफिसात कुणाला दिसणार नाहीत. दिसले नाहीत म्हणजे नाहीत, असं कुठं आहे?

"काका, आता तरी जेवा," जया म्हणाली आणि तिनेच डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. भाकरी, वाटाणा, वर दह्याची लहान वाटी. त्याने एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि वही पुढे ओढून डाव्या हाताने, अवघडून, उष्टा हात डब्याकडे आणि पेन भलत्या हातात, अठ्ठावीस हा आकडा घातला. पुढे पडद्याकडे बघायची सवय म्हणून बघितलं; तो काळा होता. तरी पेन थांबलं नाही.

एका बाईनं शेजारणीकडनं विरजण आणलं. दही झ्याक लागलं. आठ दिसांनी शेजारीण दारात, म्हनली माझं विरजण दे परत. आता दह्यातनं विरजण कसं काढून द्यावं? त्यापरीस बाई म्हनली, ये, बस, जेवून जा.

लिहून झालं आणि त्याने वाचलं. हे चौसष्टातलं होतं का? कुठल्या बुवांचं हे? कोंडीरामने सांगितलेलं, की मी आत्ता... त्याने पुष्कळ आठवून पाहिलं, आणि मग आठवायचं सोडून दिलं, कारण भाकरी सुकत होती आणि एकोणतिसावा हाताशी येऊन उभा राहिला होता, घाई करत. बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला. जयाने विचारलं, निघायचं ना. तो म्हणाला, तू हो पुढे.

तर बाबांनो, एवढंच. घरी जाऊन दही लावाल तेव्हा उरवड्याच्या कोंडीराम टाळकऱ्याची आठवण काढा.