सोमेश्वर फौजींचा टवका गेलेला टाळ

मित्रांनो, मी एक जुना टाळ आहे. एक म्हणतो खरा, पण आम्ही आहोत दोन वाट्या, सुती दोरीने बांधलेल्या. एकट्या वाटीला नाद नाही. ज्या कासारबुवांनी काशाचा रस ओतून आम्हाला घडवलं, त्यांनी पहिला ठोका कानाजवळ वाजवून पाहिला आणि म्हणाले, "ह्याचा आवाज लांब जाईल." तेव्हा मला फार आनंद झाला होता.

नरसीच्या यात्रेत संतरामबुवांनी मला घेतलं. त्यांचं गाव तिथून जवळच. बुवा काही कीर्तनकार नव्हते, साधे टाळकरी होते. कीर्तनकार पुढे उभा राहून सांगतो, रंगात येतो, भलतीकडे निघून जातो. मागे उभ्या टाळकऱ्यांनी मात्र धृपद सोडायचं नसतं. परत यायला त्याला घर लागतं, आणि ते घर टाळकरी धरून ठेवतो. बुवांनी ते जन्मभर धरलं. त्यांची स्वतःची एक चाल होती, गवळणीची. राधा कान्ह्याची तक्रार करते आहे, लटकी, लाडाची. त्यात थट्टा होती, छेडही होती. ऐकताना बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसायच्या, पण हसून झालं की मान वर करूनच घरी जायच्या. थट्टेचं मोल मी तिथे शिकलो.

बुवांचा मुलगा सोमेश्वर फौजेत भरती झाला. त्याच्या आईने मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्याच्या काळ्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. "हरिपाठ सोडू नको," एवढंच ती म्हणाली. ट्रकमधून उतरवताना ती पेटी आपटली आणि माझ्या एका वाटीच्या काठाचा टवका उडाला. तेव्हापासून माझ्या नादाच्या शेवटी एक बारीक खरखर येते. ही खरखर लक्षात ठेवा, मित्रांनो.

त्याच्या तुकडीची जागा डोंगरात होती. थंडी अशी की पाण्याची बादली सकाळी फोडावी लागे. रविवारी मंदिर परेड असायची, म्हणजे सगळ्यांनी गणवेशात मंदिरात जमायचं. सोमेश्वर तिथे अभंग म्हणायचा, मी वाजायचो. साहेबांनी एकदा त्याच्या पाठीवर थाप मारली. ते माझे चांगले दिवस होते, पण ते रविवारपुरते. बाकीच्या संध्याकाळी बराकीत शेगडीभोवती दुसरंच कीर्तन चालायचं.

त्याचे बुवा होते हवालदार भावसिंग. आपल्याच हिंगोली जिल्ह्यातले, गोरेगावकडचे. माणूस जीव लावणारा, पण तोंडाला लगाम नाही. सोमेश्वरचं लग्न झालेलं; तो सुट्टीहून परतला की ते सुरू व्हायचे.

"या महाराज. खाट शाबूत ठिवली का मोडून आलात?"

"दहा दिवसांत ह्यानं गोठ्यातली म्हैस बी पाहिली नसंल," दुसरा म्हणायचा. "दाराला कडी अन् आत महाराजाचा सप्ता."

बराक हसायची. सोमेश्वरचे कान लाल व्हायचे. तिथल्या पेट्यांच्या झाकणांना आतून सिनेमातल्या बायांची चित्रं चिकटवलेली असत. कुणाच्या बायकोचं पत्र आलं की ते हिसकावून मोठ्याने वाचलं जाई, आणि पत्रात नसलेलंच जास्त वाचलं जाई. ज्या आठवड्यात उतारावर त्यांचा एक सोबती गेला, त्या आठवड्यात तर असल्या गोष्टी दुप्पट झाल्या. हसण्याच्या तळाशी भीती होती, हे मला कळत होतं. पण भीती होती म्हणून हसणं स्वच्छ ठरत नाही.

मग दवाखान्यात मिना सिस्टर बदलून आल्या. इतक्या पुरुषांत एकटी बाई. त्या सुया टोचायच्या आणि कमी बोलायच्या. त्या संध्याकाळी भावसिंग म्हणाले, "महाराज, तुमच्या देवाला सोळा हजार चालतात. आमाला एक सिस्टर बी न्हाई का? घ्या तो टाळ. होऊ द्या काही."

सोमेश्वरने मला हातात घेतलं. मला वाटलं, नाही म्हणेल. पण 'महाराज' म्हणून चिडवून घ्यायचा त्याला कंटाळा आला होता. त्याने बापाची गवळणीची चाल धरली आणि तीवर शब्द बसवले:

"मिना मॅडम, पहाऱ्याला चला, थंडी लई अन् कंबल एकला."

पुढच्या कडव्यांत कंबलही उरत नव्हतं. ती मी सांगणार नाही. बराक आडवी पडून हसली. भावसिंगांनी त्याला खांद्यावर घेतलं. आणि मी वाजलो, मित्रांनो. टाळाला नाही म्हणता येत नाही.

पुढच्या रविवारी मंदिर परेडनंतर सोमेश्वर बोटाची पट्टी बदलायला गेला. मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. बाहेरून कुणीतरी तीच चाल शिट्टीवर धरली. मिना सिस्टरांचे हात थांबले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा पट्टी गुंडाळायला घेतली. "जादा कस तो नहीं गया, भैया?" त्यांनी विचारलं. सोमेश्वरला भैया म्हटलेलं मी ऐकलं. त्यानेही ऐकलं. संध्याकाळी गाणं पुन्हा झालं.

सिस्टर बदलून गेल्या, गाणं राहिलं. जी बाई येईल तिचं नाव त्या जागेवर घालायचं, की झालं. एका जवानाने ते मोबाइलवर भरून घेतलं. त्यात माणसं दिसत नाहीत, शेगडीचा उजेड दिसतो. नावाच्या जागी सगळी बराक ओरडते, त्यामुळे नाव ऐकू येत नाही. मी मात्र ऐकू येतो, टवक्याच्या खरखरीसकट. कासारबुवा खरं बोलले होते. माझा आवाज लांब गेला.

सोमेश्वर पेन्शनीत निघून गावी आला. संतरामबुवा तोवर गेले होते. गावाने बापाची जागा त्याला दिली आणि 'फौजी महाराज' हे नावही दिलं. त्याची लेक शिवकन्या लहानपणी त्याच्या मांडीवर बसून माझी दोरी ओढायची. काल्याच्या दिवशी गवळण सुरू झाली की डोक्यावर छोटं मडकं घेऊन नाचायची. ती मोठी झाली, पहाटे रस्त्याने धावू लागली आणि एक दिवस सैन्याच्या पोलिसांत निवडली गेली. मंदिरासमोर सत्कार झाला. बाप माईकवर म्हणाला, "फौज म्हंजे देवाचं घर हाय." मी त्याच्या गळ्यात होतो. मला सगळं आठवत होतं, आणि त्यालाही.

दुसऱ्या वर्षी ती सुट्टीवर आली तेव्हा गावात सप्ताह चालू होता. सोमेश्वर ओसरीवर चिंच लावून मला घासत बसला होता. त्याची बायको अनुसयाबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"बाबा," शिवकन्या म्हणाली, "तुमच्या तुकडीत एक गानं होतं. पहाऱ्याला चला."

घासणारा हात थांबला. "कोनतं?"

"मोबाइलवर फिरून राहिलंय. त्यात टाळ हाय. टवक्याचा. चाल बी आज्याच्या गवळणीची."

त्याने अंगठा माझ्या टवक्यावर दाबला.

"आमी अकरा पोरी, बाप्ये तीनशे. जेवनाच्या लाईनीत ताटं वाजवून म्हनतात. माझं नाव घालून म्हनतात. मी तक्रार दिली तर म्हनतात, गानं जुनं हाय, त्यात पयल्यापासून शिवकन्याच हाय, ही पोरगी उगंच अंगावर घेऊन राहिली. साहेब म्हनले, पुरावा आन. न्हाई तर तक्रार खोटी."

"अगं, ते हसन्यावारी असतंय. तिथं मानसाला तकलीफ..."

"तुमी लिहून द्या. गानं मी केलं, नाव दुसरं होतं, समोर जी बाई असंल तिचं नाव घालायची पद्धत हाय. चार ओळी. खाली सही अन् तुमचा फौजी नंबर. बाकी मला काही न्हाई पायजे."

अनुसयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "काय गानं हाय? मला म्हनून दावा."

सोमेश्वरची मान खाली गेली.

"काहून? लाज वाटून राहिली?" त्या हळूच म्हणाल्या. "मला म्हनून दावता येत न्हाई, ते माझ्या लेकरानं रोज ऐकायचं व्हय?"

त्याने कागद घेतला. नाव लिहिलं, नंबर लिहिला. तेवढ्यात मंदिरातून निरोप आला, काल्याला गवळण फौजी महाराजांचीच. त्याने पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि कोनाड्यात माझ्याखाली ठेवली. तीन रात्री कीर्तनाहून परतून मी त्या कोऱ्या जागेवर बसत होतो.

काल्याचं कीर्तन रंगलं. कीर्तनकार बुवा सांगत होते, "बाबांनो, नाव घेतलं की ज्याचं नाव, तो पुढ्यात येऊन उभा राहतो. म्हणून नाव जपून घ्यावं." मग ते थांबले आणि मागे वळून त्यांनी सोमेश्वरला खूण केली. त्याने गवळण उचलली. बापाची चाल, बापाचेच शब्द, एक अक्षर वाईट नाही. मी वाजलो. शेवटी माझी ती खरखर आली.

बायांच्या बाजूला शिवकन्या दह्याचं पातेलं घेऊन बसली होती. तिने पातेलं शेजारणीकडे सरकवलं, उठली आणि बाहेर गेली. पायऱ्या उतरताना तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. गावाला काही कळलं नाही. सोमेश्वरला कळलं. त्याचा ठोका चुकला, धृपद सुटलं. संतरामबुवांच्या हातून जे कधी सुटलं नव्हतं ते सुटलं. दुसऱ्या टाळकऱ्यांनी कसंबसं उचलून धरलं.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या परत निघाली. फाट्यावर हिंगोलीची जीप उभी होती. सोमेश्वर धावत पोचला. मी त्याच्या गळ्यात तसाच होतो. त्याने कागद लेकीच्या हातात दिला. तिने तिथेच उघडला. नाव, नंबर, सही, आणि मध्ये एकच ओळ: 'सदर मुलगी माझी असून तिचे वर्तन चांगले आहे.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग कागद नीट घडी करून तिने त्याच्या खिशात ठेवला.

"माझ्या वर्तनाचा दाखला मी मागितला नव्हता, बाबा," ती म्हणाली, आणि जीपमध्ये बसली.

पुढे तक्रार गैरसमज म्हणून मिटवली गेली. तिच्या चार वर्षांच्या नोकरीतली अजून दोन वर्षं बाकी आहेत. ती आईला फोन करते, बापाशी बोलत नाही. कधी जेवणाच्या वेळी फोन आला तर मागे ताटं वाजताना ऐकू येतात. अनुसयाबाई तेव्हा फोन कानाशी घट्ट धरतात.

सोमेश्वर आता मंदिरात जातो, पण मागे खांबाला टेकून बसतो. लोक म्हणतात, फौजी महाराजांचा घसा गेला.

मित्रांनो, मी खुंटीवर आहे. काशाला हिरवट डाग पडतो तो चिंचेने निघतो, दोरी झिजली तर नवी ओवता येते. एवढी काळजी तुम्ही सहज घ्याल. पण कधी तुमच्या टोळक्यात असं एखादं गाणं आलं, नावापुरती जागा मोकळी ठेवलेलं, तर हसण्याआधी हातातलं वाद्य खाली ठेवा. आम्हाला थांबता येत नाही. थांबायचं तुम्हाला असतं. आणि ज्याच्याकडून वाजून गेलं असेल त्याने निदान विचारल्यावर तरी सांगावं, मी वाजवलं.

परवा वारा सुटला आणि माझ्या दोन्ही वाट्या एकमेकींवर आपटल्या. बारीकच आवाज झाला, शेवटी खरखर. अनुसयाबाई चुलीपुढून उठल्या. त्यांनी जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, माझ्या दोन वाट्यांच्या मध्ये कोंबली, वरून दोरीने घट्ट बांधली आणि परत जाऊन भाकरी उलटली.