ईकी साकु

"कुटं चाललीस गं? कोच बोलावतोय!" चंद्रिकानं मागून जर्सी ओढली.

"आले. एकाचं तोंड बघून येते."

मध्यंतर झालं होतं. बास्केटबॉलच्या अखिल भारतीय स्पर्धेचा अंतिम सामना, तोही सोलापुरात, आणि पहिल्या अर्ध्यातच ऋतुजानं एकटीनं एकवीस गुण ठोकले होते. प्रत्येक बास्केटनंतर ती पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या जुन्या कोचकडं, सिद्धाराम सरांकडं बघत होती. बघ म्हाताऱ्या, मोज.

बारा वर्षं ती या माणसावरच्या रागावर जगली होती. सतराव्या वर्षी रोज मोहोळहून पहाटेच्या एसटीनं सोलापूरला त्यांच्याकडं सरावाला यायची. जिल्हा संघाच्या निवडीच्या आदल्या संध्याकाळी सर त्यांच्या जोडीच्या कल्लप्पा सरांना तिच्यासमोरच म्हणाले, "ईकी साकु." ईकी म्हणजे ही, साकु म्हणजे पुरे. एवढं कन्नड सोलापुरात दगडालाही येतं. पुरे झाली ही! ती निवडीला गेलीच नाही. पुण्याला मामाकडं निघून गेली, सरांचे फोन कापले. पुढं गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ठरलेलं लग्न मोडलं. पण 'साकु' आठवलं की पाय पळायचे. लोक देवाचं नाव जपतात, तिनं शिवी जपली. मोठ्या खेळाडू सगळ्याच असलं काहीतरी जपतात. मुलाखतीत मात्र आईबापाचे आशीर्वाद सांगतात.

"आलीस व्हय?" सर काठी टेकत उठले. "लई भारी खेळतीस की."

"साकु म्हनला होता तुमी मला. ध्यानात हाय?"

"म्हनलो की!" सर हसले. "कल्लप्पा म्हनत हुता, अजून दोन उंच पोरी घेऊ. म्या म्हनलो, कशाला? ईकी साकु. ही एकटी बास हाय. आन् तूच आली न्हाईस! मोहोळात घरी आलो तर तू पुण्याला गेलेली. का गेलतीस गं?"

हॉर्न वाजला.

तिसऱ्या सत्रात चेंडू हातात होता, अंगात काही नव्हतं. समोरची नऊ नंबरवाली आपल्याला हसली, असं तिनं मनाला पटवून पाहिलं. नऊ नंबरवाली बिचारी घाम पुसत होती. एकवीसचे कसेबसे पंचवीस झाले.

शेवटचे दोन सेकंद. ऋतुजाची बास्केट पडली, वर फाऊल मिळाला. संघ एका गुणानं मागं, बरोबरीसाठी एक फेक. पंचानं चेंडू तिच्या हातात दिला. इथून पाच सेकंदांत टाकायचा.

"टाक की गं!" चंद्रिका ओरडली.

ती गर्दीत चेहरा शोधत राहिली. राग धरता येईल असा एक, कुणाचाही. कुणी शेंगा सोलत होतं, कुणी पोराचं नाक पुसत होतं. सरांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलत होते.

शिट्टी वाजली. पाच सेकंद संपले होते, फेक बाद.

चंद्रिका डोकं धरून खाली बसली. ऋतुजानं चेंडूवरचा घाम जर्सीनं पुसला आणि तो दोन्ही हातांनी पंचांकडं दिला.