पुढच्या बारा आठवड्यांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. पण शाळेची पायरी मी कधी चढलेलो नाही. माझं आयुष्य बांधकामाच्या सामानाच्या एका दुकानात गेलं. स्लॅब ओतताना खाली प्लायवुड ठोकतात ना, तसल्याच एका उरलेल्या तुकड्यातून सुताराने मला घडवलं, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगलं.

दुकान वहिनींचं. त्यांचे दीर घरं बांधायची कामं घेत. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत, अगदी गवंडीकाकासुद्धा. दोघंही कष्टाळू, पण कामात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसे. भाऊजींना नळ हवे असत तेव्हा दुकानात फरशांचा ढीग असे. सिमेंट येऊन पडे, तेव्हा पाया अजून खणायचा असे. मग पोत्यातल्या पोत्यातच त्याचा दगड होई. एकदा तर आठ माणसं दोन दिवस विटांची वाट बघत बसली. तेव्हा गवंडीकाका म्हणाले, "वहिनी, तहान लागल्यावर विहीर खणायची आपल्याला फार सवय." ते बोलणं वहिनींना लागलं. सुताराला निरोप गेला तो त्याच संध्याकाळी.

वहिनींनी माझ्यावर बारा रकाने आखले, आठवड्याला एक. वर भाऊजींचं काम लिहायचं: पाया, भिंती, स्लॅब, नळ, गिलावा. खाली दुकानाने काय मागवायचं ते. दर सोमवारी सकाळी दोघांनी माझ्यासमोर उभं राहायचं, असं ठरलं. भाऊजींना हा नसता खटाटोप वाटे.

"फळ्यावर लिहून भिंत उभी राहते का?" त्यांनी विचारलं.

"नाही राहत," वहिनी म्हणाल्या. "पण कशामुळे अडून राहते, ते दिसतं."

त्या वर्षी डॉक्टरीणबाईंच्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं काम आलं. जुनी जागा त्यांना ठरल्या तारखेला सोडायची होती. मधे एक दिवसही खाडा चालणार नव्हता. बाळं काही तारीख विचारून येत नाहीत. काम अर्ध्यावर आलं असताना वहिनींनी पेपरात वाचलं, की नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी महिनाभर बंद राहणार. त्यांनी लाल खडूने माझ्या चार रकान्यांवर लिहिलं, 'पूल बंद'. नेमका त्याच दिवशी एक व्यापारी निम्म्या भावात ट्रकभर नक्षीदार फरशा घेऊन दारात उभा राहिला.

"घेऊन टाका, वहिनी. अशी संधी पुन्हा येत नाही," भाऊजी म्हणाले.

वहिनी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "गोदाम एकच आहे, भाऊजी. ते फरशांनी भरलं, तर दवाखान्याचे पाइप न् दारं ठेवू कुठे? आणि पूल बंद झाल्यावर ती डोक्यावरून आणायची का?"

ट्रक परत गेला. भाऊजी दोन दिवस घुश्शात होते. मलाही धाकधूक होती. माझ्यावरचं अक्षर चुकलं तर पुसता येतं. हातचा गेलेला माल कुठून आणायचा?

पूल बंद व्हायच्या आत दवाखान्याचं उरलेलं सगळं सामान गोदामात आलं. पूल महिन्याऐवजी सहा आठवडे बंद राहिला. गावातली बरीच कामं ठप्प झाली, पण दवाखान्यातली थापी थांबली नाही. ठरल्या तारखेच्या एक दिवस आधी डॉक्टरीणबाईंनी खाटा हलवल्या, आणि चौथ्या दिवशी तिथे एक मुलगी जन्मली. पुढच्या सोमवारी भाऊजी वहिनींच्या आधी येऊन माझे रकाने आखत होते.

वर्षं गेली. वहिनींची मुलगी इंजिनिअर झाली आणि दुकानात कॉम्प्युटर आला. माझी रवानगी गोदामात झाली. कोणी वाईट वागलं नाही. मी फक्त नजरेआड झालो. माझ्या अंगाला रंगाचे डबे टेकू लागले. मुलीचा आराखडा माझ्यापेक्षा कितीतरी नेटका होता, पण तो तिला एकटीलाच दिसे. मग एका घरात गिलावा झाल्यावर वायरमन आला आणि तीन खोल्यांच्या नव्या भिंती फोडाव्या लागल्या.

फुटक्या गिलाव्यावरून हात फिरवत गवंडीकाका म्हणाले, "बाळ, तुझा आराखडा चांगलाच असणार. पण आम्ही तो बघितलाच नाही गं."

दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढलं, स्वतःच्या हाताने पुसलं, नवा रंग दिला आणि पुन्हा दारासमोर टांगलं. आता कॉम्प्युटरमधलं काम ती दर सोमवारी माझ्यावर उतरवते आणि गवंडी, सुतार, वायरमन सगळे समोर उभे राहतात.

मित्रांनो, दुकान असो, बांधकाम असो की तुमचा अभ्यास, पुढचं आधी मांडून ठेवा. जे मांडलंत ते रोज बघा, आणि ज्यांचे हात कामाला लागणार आहेत त्यांनाही दाखवा. आम्हा फळ्यांना मधूनमधून ओलं फडकं मिळालं, तरी आम्ही खूश असतो.

सध्या माझ्यावर एका वाचनालयाचं काम आहे. परवा सगळे पांगल्यावर गवंडीकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा खडू हातात घेतला. गिलाव्याच्या रकान्यात त्यांनी वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'भिंत ओली. आठ दिवस थांबा.' सकाळी मुलीने ते वाचलं आणि पुढची सगळी कामं एकेक रकाना पुढे सरकवली. काकांच्या अक्षराला तिने फडकं लागू दिलं नाही.